दोर कोणी लावला, तेही छापा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मे महिना सरत आला की मराठी वृत्तपत्रांत एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू या शिखरांवर पोहोचलेल्या मुलामुलींच्या बातम्या येऊ लागतात. समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेचारशे मीटर उंचीवरच्या, त्याच महिन्यात उन्हाने भाजून निघणाऱ्या सोलापूरसारख्या शहरातून कुणी तिथवर जावे याचा आम्हाला मनापासून अभिमान आहे. आमची तक्रार त्या यशाबद्दल नाही, बातमीतल्या एका ओळीबद्दल आहे. ‘शेर्पाच्या मदतीने त्यांनी हे शिखर सर केले’ एवढेच तिथे छापलेले असते, आणि बऱ्याचदा तीही ओळ नसते. कोणता शेर्पा? त्याचे नाव काय, गाव कोणते, त्याची त्या शिखरावरची ही कितवी खेप? माथ्यावर तिरंगा धरलेला जो फोटो आपण छापता, तो काढणारा माणूसही त्याच उंचीवर, त्याच वाऱ्यात, हातातला जाड मोजा उतरवून उभा होता.

‘मदत’ या एका शब्दाखाली किती काम झाकले जाते ते वाचकांना कळावे म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत.

नेपाळच्या बाजूने एव्हरेस्टचा बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर आहे. तिथून निघाल्यावर पहिल्याच टप्प्यात खुंबू हिमप्रपात लागतो. उतारावर हिमनदी फुटते, तिचे वाड्याएवढे तुकडे एकमेकांवर रेलून उभे राहतात आणि हा सगळा पसारा दिवसाला एक मीटरपर्यंत खाली सरकत असतो. यातून वाट काढणाऱ्या शेर्पांच्या छोट्या तुकडीला ‘आइसफॉल डॉक्टर’ म्हणतात. १९९७ पासून सागरमाथा प्रदूषण नियंत्रण समिती हे काम करून घेते. मोहिमांचे सदस्य डोंगरावर पाय ठेवण्याच्या कित्येक दिवस आधी ही माणसे तिथे पोहोचलेली असतात. भेग लागली की आधी दोन्ही काठांवरचा बर्फ ठोकून पाहायचा, कच्चा थर काढून टाकायचा, खाली घट्ट बर्फ असेल तर आइस स्क्रू (बर्फात रुतणारा धातूचा स्क्रू) फिरवून बसवायचा आणि भुसभुशीत असेल तर स्नो पिकेट (धातूची लांब मेख) ठोकायचा. ॲल्युमिनियमच्या शिड्या पाठीवरून आणायच्या. भेग एका शिडीत न मावणारी असेल तर दोन, तीन, कधी त्याहून जास्त शिड्यांची टोके एकावर एक चढवून दोराने आवळायची. शिडी आडवी पडली की तिची टोके अँकरला, म्हणजे बर्फात रुतवलेल्या या स्क्रूला किंवा पिकेटला, बांधायची आणि दोन्ही बाजूंना हातात धरायला एकेक दोर सोडायचा.

एवढ्याने काम संपत नाही. बर्फ सरकला की भेग रुंदावते आणि शिडीचे टोक काठावरून निसटू पाहते. भेग मिटत आली तर तीच शिडी कमानीसारखी वाकते. दुपारच्या उन्हात आइस स्क्रूभोवतीचा बर्फ वितळतो आणि काल घट्ट असलेला स्क्रू आज नुसत्या हाताने निघतो. त्यामुळे हंगाम संपेपर्यंत ही तुकडी पुन्हा पुन्हा त्याच धोक्यात शिरून शिड्या हलवत, दोर ताणत, अँकर बदलत राहते. वर लोंबणारे हिमखंड थंडीत जरा धरून असतात, म्हणून सगळे जण रात्री दोन-तीन वाजता हेडटॉर्च लावून निघतात. ऊन चढल्यावर हिमप्रपातात कोणी थांबू नये हा साधा नियम, पण शिडीपाशी रांग लागली तर मागचे सगळे त्याच लोंबत्या बर्फाखाली अडकतात. रांगेत कोण किती वेळा अडकतो, हेही पाहायला हवे. पैसे भरून आलेला ग्राहक गिर्यारोहक शरीर उंचीला सरावण्यासाठी आणि मग अंतिम चढाईसाठी मिळून हिमप्रपात मोजक्या वेळा ओलांडतो. तंबू, दोर, गॅस, धान्य, ऑक्सिजनच्या बाटल्या वर पोहोचवणाऱ्या शेर्पाच्या फेऱ्या त्याच्या कित्येक पट होतात. त्यामुळे त्याच्या वाट्याला येणारा धोकाही तितक्या पटीने मोठा असतो.

आइसफॉल डॉक्टरांचे काम दुसऱ्या कॅम्पपर्यंत, म्हणजे सुमारे ६,४०० मीटरपर्यंत असते. पुढे ल्होत्सेच्या निळ्या, टणक बर्फाच्या भिंतीवरून साऊथ कोल (एव्हरेस्ट आणि ल्होत्से यांच्यामधली खिंड) आणि तिथून माथ्यापर्यंतचा दोर वेगवेगळ्या कंपन्यांच्या निवडक शेर्पांची तुकडी लावते. सर्वांत पुढच्याला वरून कसलाच आधार नसतो. खालच्या जोडीदाराने धरलेल्या दोरावर तो चढतो, अँकर बसवतो, दोर बांधतो आणि पुढे जातो. मागचे जण दोराची रिळे पाठीवर घेऊन येतात. त्यांनी माथा गाठला, की मगच ग्राहकांच्या चढाया सुरू होतात. म्हणजे नेपाळच्या बाजूने दर वसंतात एव्हरेस्टवर पहिली पोहोचते ती हीच तुकडी. आपल्याकडे त्यांची नावे कधी छापून आल्याचे आमच्या पाहण्यात नाही. ‘मी स्वतंत्रपणे, शेर्पा न घेता चढलो’ असे म्हणणाराही त्यांच्याच शिडीवर पाय ठेवतो आणि त्यांच्याच दोरात जुमार (दोरावर फक्त वर सरकणारी पकड) अडकवतो, हे बातमी लिहिणाऱ्याने लक्षात ठेवावे.

आता ऑक्सिजनचे गणित. सध्याच्या चार लिटरच्या बाटलीत ३०० बार दाबाने सुमारे १,२०० लिटर वायू भरलेला असतो आणि भरलेल्या बाटलीचे वजन साधारण साडेतीन किलो होते. मिनिटाला २ लिटर प्रवाह ठेवला तर ती दहा तास पुरते, ३ लिटर ठेवला तर सहा तास चाळीस मिनिटे, ४ लिटर ठेवला तर फक्त पाच तास. साऊथ कोलहून माथा आणि परत, हा पल्ला नवख्या माणसाला सहज सोळा ते अठरा तासांचा होतो. ३ लिटरच्या हिशोबाने त्याला तीन बाटल्या लागतात. त्याच्या पिशवीत त्यातली एकच असते. उरलेल्या दोन शेर्पाच्या पाठीवर, आणि त्याला स्वतःसाठी कमी प्रवाहावर का होईना, पण दोन हव्यात. निघतानाच त्याच्या पाठीवर चौदा किलोंचे ओझे झाले, आणि यात पाणी, जादा दोर, जादा मोजे धरलेले नाहीत. शिवाय या सगळ्या बाटल्या आधी ७,९०० मीटरच्या वर साऊथ कोलपर्यंत वाहून आणल्या कोणी, तर त्यांनीच.

बाटली बदलणे हे कागदावर दोन मिनिटांचे काम आहे. ‘बाल्कनी’ म्हणतात त्या सुमारे ८,४०० मीटरवरच्या सपाट जागी ते बहुधा होते. जुन्या बाटलीचा रेग्युलेटर (वायूचा प्रवाह ठरवणारी झडप) सोडवायचा, आट्यांवरचा बर्फ पुसायचा, नव्या बाटलीवर तिरका न जाऊ देता फिरवून बसवायचा, काट्यावरचा दाब पाहायचा, फुसफुस ऐकू येते का ते तपासायचे, नळीतून प्रवाह सुरू झाल्याची खात्री करायची. जाड मोजे घालून आट्या जुळत नाहीत, म्हणून शेर्पा मोजे काढतो. आट्यांत बर्फाचा कण राहिला तर वायू गळत राहतो आणि तासाभराने काटा शून्याकडे गेलेला दिसतो. श्वासातली वाफ मास्कच्या झडपेत गोठते आणि माणूस ऑक्सिजन चालू असूनही गुदमरतो. मग मास्क काढून ठोकून, चोळून बर्फ मोकळा करणारे हातही त्याचेच. हिमदंशात बोटे जातात ती अशा कामांत. ग्राहकाचा प्रवाह वाढवावा लागला आणि हिशोब चुकला, तर शेर्पा स्वतःचा प्रवाह कमी करतो किंवा स्वतःची बाटली काढून देतो. अशा वेळी बातमी होते ती ग्राहकाच्या जिद्दीची.

पाण्याबद्दलही दोन शब्द. साऊथ कोलवर पाणी ७५ अंशांच्या आसपासच उकळते, प्यायच्या प्रत्येक घोटासाठी बर्फ वितळवावा लागतो आणि भांडेभर बर्फाचे पाणी होते तळाशी थोडेसेच. तंबूत पोहोचून सगळे आडवे पडतात, तेव्हा बाहेर जाऊन स्वच्छ बर्फ पोत्यात भरून आणणारा आणि स्टोव्हपाशी बसून राहणारा कोण असतो, ते सांगायला नको.

‘त्यांना त्रास होत नाही, त्यांचे शरीरच तसे असते’ हे वाक्य आपल्याकडे फार सहज बोलले जाते. यातला खरा भाग असा, की तिबेटी आणि शेर्पा लोकांत ईपीएएस१ नावाच्या जनुकाचा एक प्रकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्यामुळे उंचीवर त्यांच्या रक्तातले हिमोग्लोबिन आपल्यासारखे भरमसाट वाढत नाही, रक्त दाट होत नाही. शिवाय त्यांचे स्नायू मिळालेला ऑक्सिजन काटकसरीने वापरतात. पण जनुक हिमकड्यापासून वाचवत नाही, दोर तुटल्यावर सावरत नाही, आणि फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साठण्याचा आजार शेर्पांनाही होतो. एव्हरेस्टवर आजवर तीनशेहून अधिक माणसे मरण पावली आहेत. त्यांतली साधारण एक तृतीयांश पगारावर कामाला आलेली स्थानिक माणसे होती.

हा विसर आजचा नाही. १९२२ मध्ये नॉर्थ कोलच्या उतारावर हिमलोट कोसळून सात भारवाहक गेले. एव्हरेस्टवरच्या पहिल्या मोठ्या अपघातात मरण पावलेले सगळेच्या सगळे स्थानिक होते. १९३४ मध्ये नंगा पर्बतवर गायले नावाचा शेर्पा खाली उतरू शकत असताना आपल्या नेत्याला, विली मेर्कलला, सोडून आला नाही आणि त्याच्याबरोबर तिथेच राहिला. १९३९ मध्ये के टूवर (जगातले दुसरे सर्वांत उंच शिखर) अडकलेल्या डडली वुल्फ या गिर्यारोहकाला आणायला वर गेलेले पासांग किकुली, पासांग किटार आणि फिंत्सो परतलेच नाहीत. १९५४ मध्ये के टूच्या पहिल्या चढाईसाठी वाल्टर बोनाटीबरोबर ८,१०० मीटरच्या आसपास ऑक्सिजन पोहोचवणारे पाकिस्तानातल्या हुंझाचे आमिर मेहदी तंबूविना उघड्यावर रात्र काढून जगले, पण त्यांच्या पायांची सगळी बोटे गेली. त्यांच्या पायात इतरांसारखे उंचीवरचे बूट नव्हते.

२९ मे १९५३ ची गोष्ट सर्वांना पाठ आहे. पण तेन्झिंग नोर्गे यांची एव्हरेस्टवरची ती सातवी मोहीम होती, हे किती जणांना माहीत आहे? आदल्या वर्षी रेमंड लांबेर यांच्याबरोबर ते ८,६०० मीटरच्या जवळ जाऊन आले होते. १९५३ मध्ये ज्या शेवटच्या तंबूतून हिलरी आणि तेन्झिंग ही जोडी निघाली, त्याचे सामान वर नेणाऱ्यांत दा नामग्याल आणि आंग न्यिमा हे दोन शेर्पा होते. पुढे हिलरी यांना ‘सर’ किताब मिळाला आणि तेन्झिंग यांना जॉर्ज पदक. आपल्या देशाच्या १९६५ च्या मोहिमेकडेही या नजरेने पाहावे. कॅप्टन एम. एस. कोहली यांच्या नेतृत्वाखाली नऊ जण माथ्यावर पोहोचले. त्यांतले नवांग गोंबू, सोनम ग्यात्सो, सोनम वांग्याल, आंग कामी आणि फू दोर्जे हे पाच जण हिमालयातल्याच समाजांतले. दोनदा एव्हरेस्ट चढणारा जगातला पहिला माणूस म्हणजे याच मोहिमेतले नवांग गोंबू. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या आमच्या मुलांना पहिल्या भारतीय महिलेचे नाव आणि साल विचारले तर लगेच सांगतात. १९८४ च्या त्या चढाईत बचेंद्री पाल यांच्याबरोबर माथ्यावर असलेले आंग दोर्जे शेर्पा ऑक्सिजन न वापरता चढले होते, हे कोणत्या गाईडमध्ये सापडेल?

अलीकडचेही पाहा. आंग रिता शेर्पा दहा वेळा ऑक्सिजनच्या बाटलीशिवाय एव्हरेस्टवर गेले. कामी रिता शेर्पा यांनी मे २०२५ मध्ये एकतिसावी चढाई केली. १६ जानेवारी २०२१ रोजी के टू हिवाळ्यात प्रथमच सर झाले, तेव्हा दहा नेपाळी गिर्यारोहक माथ्याच्या थोडे खाली एकमेकांसाठी थांबले आणि मिळून वर गेले. मे २०२३ मध्ये गेलजे शेर्पा यांनी स्वतःच्या ग्राहकाची चढाई सोडून, बाल्कनीजवळ एकट्याच पडलेल्या एका परदेशी गिर्यारोहकाला पाठीवर घेऊन खाली आणले. त्याच वर्षी जुलैमध्ये के टूच्या ‘बॉटलनेक’ या अरुंद घळीत मुहम्मद हसन हे पाकिस्तानी भारवाहक पडले, आणि माणसे त्यांना ओलांडून माथ्याकडे जात राहिली. दोर लावणाऱ्या तुकडीबरोबर ते काम करत होते. त्या उंचीला साजेसे कपडे आणि साधने त्यांच्याजवळ नव्हती.

‘त्यांना पैसे मिळतात ना’ असेही ऐकू येते. मिळतात, आणि त्यातूनच खुंबू या शेर्पांच्या भागातल्या कित्येक घरांतली मुले शिकली. पण हिशोब पुरा मांडावा. १८ एप्रिल २०१४ रोजी हिमप्रपातात बर्फाचा कडा कोसळून १६ नेपाळी कामगार एका सकाळीत गेले. तेव्हा सरकारने तातडीची मदत म्हणून जाहीर केलेली रक्कम होती ४०,००० नेपाळी रुपये, म्हणजे आपले २५,०००. शेर्पांनी काम थांबवले, तो हंगाम बंद पडला, तेव्हा कुठे आयुर्विम्याची किमान रक्कम दहा लाखांवरून पंधरा लाख नेपाळी रुपये झाली. दुसरी अडचण समिट बोनसची. ग्राहक माथ्यावर पोहोचला तरच शेर्पाला मोठी रक्कम, ही पद्धत दोघांनाही धोक्यात घालते. हवा बिघडली, वेळ टळून गेली, तरी ‘आता वळू’ म्हणणाऱ्याचेच नुकसान होते. आमचे स्पष्ट मत आहे, की हा बोनस निघण्याआधीच लेखी ठरावा, आणि शेर्पाने सुरक्षिततेसाठी मागे वळवले तरी तो पूर्ण मिळावा.

सोलापुरात ओझ्याचा मान काय असतो ते कोणी शिकवायला नको. संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत सात नंदीध्वज निघतात. ती काठी कमरेच्या पट्ट्यावर तोलणाऱ्याला आपण मानकरी म्हणतो, तो पुढे आला की गर्दी बाजूला होते. मार्केट यार्डात पाठीवर पोते घेणाऱ्या हमालासाठी या राज्याने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला, त्याची नोंद ठेवली, त्याच्या मजुरीला आणि भविष्यनिधीला आधार दिला. मग याच जिल्ह्यातून हिमालयात जाणाऱ्या मोहिमेत उत्तरकाशीच्या, मुनस्यारीच्या किंवा दार्जिलिंगच्या माणसाची मजुरी तोंडी का ठरते?

मोहिमांच्या आयोजकांनी आणि त्यांना देणग्या देणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी कंपनीकडून काही गोष्टी लिहून घ्याव्यात. विमा किती रकमेचा, पॉलिसी कोणाच्या नावे, त्यात हेलिकॉप्टरने सुटका धरली आहे का. जो उंचीवर जाणार त्याला दुहेरी बूट, योग्य स्लीपिंग बॅग, हार्नेस आणि हेल्मेट कंपनी देते की ‘त्याचे तो आणतो’. खालच्या वाटेवरच्या हमालाच्या पाठीवर ३० किलोंपेक्षा जास्त टाकू नये, हे नेपाळमधले मान्य प्रमाण आहे. दोन मोहिमांचे ओझे एकाच माणसाने गुपचूप उचललेले दिसले तर थांबवावे. आजारी हमालाला हिशोब चुकता करून एकट्याला खाली पाठवणे हा सर्वांत घातक प्रकार आहे. त्याच्याबरोबर त्याची भाषा बोलणारा एक माणूस आणि उपचाराचे पैसे गेलेच पाहिजेत. हवा खराब म्हणून तंबूत बसलेल्या दिवसांची आणि परतीच्या वाटेची मजुरीही धरावी, यावरूनच बहुतेक भांडणे होतात. सह्याद्रीतही हेच आहे. दरीत कुणी अडकले की पायथ्याच्या गावातला वाटाड्या दोर घेऊन आधी उतरतो, आणि संध्याकाळच्या बातमीत ‘स्थानिकांच्या मदतीने’ एवढाच उरतो.

आपल्याकडे मागणे साधे आहे. सत्काराची बातमी देताना शिखरवीराला एक प्रश्न विचारावा: तुमच्याबरोबर माथ्यावर कोण होते? उत्तर देता आले नाही तर तीही बातमीच आहे. फ्लेक्सवर नेत्यांचे एवढे फोटो लागतात, त्यात त्या माणसाचा एक लागावा. शाल-श्रीफळाबरोबर एखादी सोलापुरी चादर त्याच्या घरी पोहोचेल अशी व्यवस्था करणे काही अवघड नाही. हिमालयन क्लब ही १९२८ पासूनची संस्था आज मुंबईतून चालते. तिने पूर्वी उंचीवरच्या उत्तम शेर्पांना ‘टायगर’ बिल्ला देऊन त्यांच्या नावांची नोंद ठेवली होती. म्हणजे हे अशक्य नाही.

नावे छापताना एक काळजी घ्यावी. ‘शेर्पा’ हे हुद्द्याचे नाव नाही, ते एका समाजाचे नाव आहे. उंचीवर काम करणाऱ्यांत तामांग, राई, गुरुंग, मगरही असतात, त्यांना सरसकट शेर्पा लिहू नये. शेर्पांत मुलाचे नाव बहुधा जन्मवारावरून ठेवतात. दावा सोमवारचा, मिंग्मा मंगळवारचा, ल्हाक्पा बुधवारचा, फुर्बा गुरुवारचा, पासांग शुक्रवारचा, पेम्बा शनिवारचा, न्यिमा रविवारचा. त्यामुळे नुसते ‘पासांग शेर्पा’ लिहिले तर ते शेकडो जणांना लागू पडते. पूर्ण नाव आणि त्याच्यापुढे गाव लिहावे: थामे, खुमजुंग, फोर्त्से, पांगबोचे, जे असेल ते.

आपले,
सोलापुरातील काही गिर्यारोहक